यासाई इतामेला पाणी सुटणं आणि ती खारट होणं, दुखणं एकच आहे

तुझा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं ना, की तू चार महिन्यांपूर्वी नोकरीसाठी तोक्योला आलायस, एका खोलीचं घर, एकच शेगडी. ऑफिसजवळच्या तेइशोकूच्या, म्हणजे इथल्या थाळीच्या हॉटेलात पोर्क काढायला सांगून यासाई इतामे खाल्लीस, परतलेल्या भाज्यांचा तो साधा प्रकार आवडला, आणि घरी करायला गेलास तर पाणी सुटून लगदा होतो. मग चव लागेना म्हणून शोयू, म्हणजे सोया सॉस, ओततोस, "दोन-तीन मोठे चमचे तरी जातोच" असं लिहिलंयस, आणि नेमकं आत्ताच कंपनीच्या तपासणीत बीपी बॉर्डरवर निघालं. अंडं चालतं, मांस-मासे नाही. आणि विचारतोयस की लोखंडी चिनी कढई घेऊ का, गॅस मधेच आपोआप बारीक होतो तो बिघडलाय का, आणि हीच भाजी डब्यात नेली तर चालेल का.

ताई म्हणालास म्हणून तूच म्हणते. मी इथे १७ वर्षं आहे, त्यातली ६ एका लहान तेइशोकूच्या स्वयंपाकघरात काढली, आता आठवड्यातून दोनदा घरी शिकवते, बहुतेक आपलीच नवीन आलेली मुलंमुली असतात आणि दहातल्या आठांचं हेच गाऱ्हाणं असतं.

तुला वाटतंय तुझे दोन प्रश्न आहेत, एक पाण्याचा आणि एक मिठाचा. एकच आहे. भाजी पाण्यात बसली की तू घातलेला शोयू त्या पाण्यात जातो, भाजीच्या अंगाला लागत नाही, जिभेला फिकं लागतं, तू अजून ओततोस, त्यातल्या मिठाने भाजी आणखी पाणी सोडते. शेवटी ताटलीच्या तळाशी जे काळं पाणी उरतं ते भातावर घेऊन खाल्लं जातं, म्हणजे सगळं मीठ पोटातच. पाणी थांबलं की मीठ आपोआप निम्म्यावर येतं, वेगळं पथ्याचं जेवण करावं लागत नाही.

आता पाणी का सुटतं. कोबी आणि मोयाशी (हे आपले मोड आलेले मूगच, फक्त इथे अंधारात बोटभर लांब वाढवतात, काही ठिकाणी उडदाचेही मिळतात) या दोन्हींत शंभरात नव्वदच्या वर पाणी असतं. ते येणारच. फक्त ते कढईत आल्या आल्या उडून गेलं पाहिजे आणि आपण त्याला बाहेर यायचं निमंत्रण द्यायचं नाही. आणि इथेच आपली घरची सवय आडवी येते. तू लिहिलंयस की भाजी टाकली की लगेच मीठ घालून झाकण ठेवतोस, "आई कोबीची भाजी अशीच करते". बरोबर आहे, आई कोबी अंगच्या पाण्यात शिजवते, मीठ घालून पाणी सोडवायचं आणि झाकणाखाली वाफ आणायची, आपल्या कोबीच्या भाजीला तेच हवं. ती पद्धत चुकीची नाहीच, पण ती शिजवण्याची पद्धत आहे आणि इतामे म्हणजे परतणं. जपानी लोक या भाजीचं कौतुक करताना 'शाकीशाकी' म्हणतात, दाताखाली करकरीत. ती हवी असेल तर झाकण कपाटात आणि मीठ सगळ्यात शेवटी, एवढं आधी मनात पक्कं कर.

मी हॉटेलात लागले तेव्हा तिथले ताइशो, म्हणजे मालक-आचारी, मला पहिले काही दिवस कढईला हातच लावू देत नव्हते, नुसतं शेजारी उभं राहून कांदा-कोबी चिरायचं आणि कान द्यायचा. ते सांगायचे डोळे मिटून ऐक. कढईत कोबी पडला की चर्रर्र असा कोरडा मोठा आवाज येतो, तो टिकून आहे तोवर पाणी येतंय तसं उडतंय. आवाज खाली बसला आणि रटरट, बुडबुड सुरू झालं की भाजी आता उकळतेय, त्या क्षणी काही नवीन टाकायचं नाही, ढवळायचं नाही, आच वाढवून थांबायचं. मी आजही भाजीकडे कमी बघते आणि ऐकते जास्त. तूही एक्झॉस्टचा पंखा पहिल्या दोन वेळा मंद ठेव आणि आवाज ओळखायला शीक, हे एक जमलं की बाकी सगळं सोपं आहे.

गॅसचं सांगते, तो बिघडलेला नाही. जपानमध्ये २००८ च्या ऑक्टोबरपासून बहुतेक घरगुती गॅस शेगड्यांच्या प्रत्येक बर्नरला तापमानाचा सेन्सर सक्तीचा आहे, मध्ये जी छोटी गोल टोपी वर-खाली होते ती तीच. तळाचं तापमान साधारण २५० अंशांच्या आसपास गेलं की तो ज्योत बारीक करतो, तेलाला आग लागू नये म्हणून. म्हणजे तू व्हिडिओत बघतोस तशी कढई धूर येईपर्यंत तापवायला गेलास की शेगडी नको म्हणणार. काही शेगड्यांवर जास्त तापमानाचं बटण असतं, तीन सेकंद दाबून धरायचं वगैरे, पण तुझं पॅन टेफ्लॉनचं असेल तर तेही वापरू नकोस, ते कोटिंग रिकामं एवढं तापवायचंच नसतं.

म्हणून लोखंडी चिनी कढई आत्ता घेऊ नकोस. ती खोल गोल कढई चिनी-जपानी हॉटेलांच्या मोठ्या भट्टीसाठी बरोबर आहे, तिथे ज्योत कढईला बाजूनेही कवेत घेते. घरच्या शेगडीवर तिचा फक्त तळ तापतो आणि भाजी तळाशी ढीग होऊन बसते, म्हणजे आपल्याला नको तेच. २६ सेंटिमीटरचं सपाट तळाचं पॅन सगळ्यात चांगलं, भाजी पसरते आणि पसरली की वाफ निघून जाते. पॅन उडवून भाजी हवेत पालटायची पण काही गरज नाही, उचललं की तेवढा वेळ आच तुटते, आणि ज्यांच्याकडे आयएच, म्हणजे इंडक्शनची शेगडी आहे त्यांनी तर पॅन उचलूच नये. भाजी पसरायची, तीस-चाळीस सेकंद हात लावायचा नाही, मग उलथन्याने खालून वर एकदा पालटायची, परत सोडायची. हलवत राहायची जी आपल्याला सवय असते ना, सतत ढवळत राहायचं, त्याने प्रत्येक तुकडा गार होतो आणि तुटतो.

आता एका माणसाचं प्रमाण देते, वजनकाटा नसेल तर शंभर येनच्या दुकानातून मोजायचे चमचे तरी आण, इथला मोठा चमचा १५ मिलिलिटर आणि लहान ५. कोबी १२० ग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराची तीन-चार पानं. मोयाशी अर्धं पाकीट, २०० ग्रॅमचं पाकीट येतं त्यातलं १००. गाजर बोटभर तुकडा, एक हिरवी पीमान मिरची (आपल्या ढोबळीची लहान आणि पातळ सालीची बहीण), आल्याचा नखाएवढा तुकडा. यापेक्षा जास्त एका वेळी पॅनमध्ये जाता कामा नये, पॅन कच्च्या भाजीने अर्ध्याच्या वर भरलं की मी सांगितलेलं सगळं वाया. मित्र जेवायला आला तर दोनदा करायची, मोठं पॅन भरून एकदा नाही.

आणि चिरायच्या आधीपासूनच पाणी धरलंय का बघ. मोयाशी धुतली की चाळणीत निदान दहा मिनिटं निथळायला हवी, घाई असेल तर स्वच्छ फडक्यात गुंडाळून झटक. कोबीची पानं चिरायच्या आधीच धुवायची, चिरल्यावर धुतलास तर प्रत्येक कापाच्या कडेत पाणी अडकतं. पानाची मधली जाड शीर वेगळी काढून पातळ तिरकी काप, पान मात्र मोठं ठेव, चार सेंटिमीटरचे चौकोन. आपण भाजीला बारीक चिरतो तसा कोबी इथे चिरायचा नाही, जितक्या कडा कापल्या जातात तितकं पाणी जास्त सुटतं. पीमान उभी चिर, आडवी चिरली की लवकर मऊ पडते.

कोबी कुठला आहे यावरही बरंच अवलंबून आहे, हे कोणी सांगत नाही म्हणून सांगते. थंडीतला गड्डा चपटा, घट्ट, हातात जड लागतो, तो परतायला उत्तम. मार्च-एप्रिलमध्ये जो हलका, सैल पानांचा, पोपटी 'हारू क्याबेत्सू' येतो तो गोड असतो पण नाजूक, तो कच्चा खावा, परतायचाच असेल तर मोयाशीच्याही नंतर टाकून अर्ध्या मिनिटात उतरवावा. तू चार महिन्यांत दोन्ही वापरले असशील आणि एकदा बरी झाली, एकदा बिघडली म्हणतोस त्याचं कारण कदाचित हेच असेल.

करायला पाच मिनिटंही लागत नाहीत, त्यामुळे सगळं आधी शेजारी मांडून ठेव, शोयूसुद्धा मोजून वाटीत. पॅन मध्यमपेक्षा जरा जास्त आचेवर मिनिटभर, त्यात दोन लहान चमचे तांदळाच्या कोंड्याचं तेल (कोमे-आबुरा, कुठल्याही सुपरमार्केटात असतं) किंवा साधं कॅनोला. तेल पळायला लागलं की आलं, लगेच गाजर आणि कोबीच्या शिरा. मिनिटभराने कोबीची पानं आणि पीमान, पसर, थांब, पालट. कोबीचा रंग गडद हिरवा झाला आणि कडेला एखादा तपकिरी डाग दिसला की मोयाशी, आच पूर्ण मोठी, आणि मोयाशीला फक्त पाऊण मिनिट ते एक मिनिट. आता तीन बोटांची चिमूट मीठ, काळी मिरी, आणि एक लहान चमचा शोयू, पण तो भाजीवर ओतायचा नाही. भाजी बाजूला सारून पॅनच्या गरम कडेवरून गोल फिरवत सोडायचा. त्याला 'नाबेहादा' म्हणतात, भांड्याची कातडी. शोयू तिथे पडताच सळसळतो, भाजल्याचा खमंग वास सुटतो, आणि तेवढाच शोयू दुप्पट असल्यासारखा लागतो. दोनदा पालटून गॅस बंद, वरून अर्धा लहान चमचा तिळाचं तेल, ताटलीत काढ. पॅनमध्ये ठेवून फोन बघत बसलास तर पॅनच्या उष्णतेने परत पाणी सुटेल.

मिठाचा हिशोब बघ म्हणजे तुझा तुलाच पटेल. साध्या गडद शोयूच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे २.६ ग्रॅम मीठ असतं. तू तीन घातलेस तर जवळजवळ ८ ग्रॅम, एका भाजीत. जपान सरकारने पुरुषांसाठी अख्ख्या दिवसाचं लक्ष्य ७.५ ग्रॅमच्या आत ठेवलंय, बायकांना ६.५, बीपी असलेल्यांना इथले डॉक्टर ६ च्या आत सांगतात. मी वर दिलेल्या प्रमाणात लहान चमचाभर शोयूचं ०.९ आणि चिमटीचं अर्धा-पाऊण, म्हणजे दीड ग्रॅमच्या आसपास. सोबत मिसो सूप (आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचं) घेतलंस तर वाटीमागे अजून साधारण तेवढंच धर, म्हणून मी घरी यासाई इतामे असेल त्या दिवशी सूप करत नाही, नुसतं अंडं नाहीतर तोफू.

दुकानात एक फसगत हमखास होते. 'उसुकुची' शोयूला लोक हलका समजून घेतात. तो रंगाने फिका असतो, मीठ त्यात गडद शोयूपेक्षा जास्त असतं. कमी मिठाचा हवा असेल तर 'गेन-एन' लिहिलेला बघ, त्यात जवळपास निम्मं असतं. इथल्या पाकिटांवर पोषणाच्या चौकटीत 'शोकुएन सोतोऱ्यो' म्हणून मिठाचा आकडा ग्रॅममध्ये दिलेला असतो, फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून तो एकच आकडा वाचायची सवय लाव. 'र्योरीशू' म्हणजे स्वयंपाकाची साके (तांदळाची दारू), तिच्यातही मीठ घातलेलं असतं, वापरायचीच असेल तर पिण्याची साधी घे, नसेल घरात तर काही बिघडत नाही, मी बरेचदा घालतच नाही. एक मात्र, मिठाऐवजी पोटॅशियमवालं मीठ मिळतं ते बीपीला चांगलं म्हणून आपल्या मनाने सुरू करू नकोस, किडनीचा त्रास किंवा काही गोळ्या असतील तर ते धोक्याचं असतं, डॉक्टरांना विचारून.

तू मांस-मासे खात नाहीस तर हेही माहीत असू दे की हॉटेलात पोर्क काढून दिलं तरी चवीला बहुतेक ठिकाणी कोंबडीच्या सूपची पूड असते, आणि घरी आणायच्या बाटल्यांतही 'दाशी शोयू' (सूपाची चव घातलेला शोयू), 'मेन्त्सुयू' (नूडल्सचं तयार सार) यांत बहुधा कात्सुओ म्हणजे सुकवलेला मासा असतो. साध्या शोयूत तो नसतो. मग ती हॉटेलातली भरलेली चव कुठून आणायची? सुके शिताके मश्रूम मिक्सरला बारीक पूड करून बरणीत ठेव, मीठ घालताना पाव चमचा भुरभुरव. कोंबूच्या समुद्री पानात जी चव असते तिलाच इकेदा किकुनाए या तोक्योच्या प्राध्यापकांनी १९०८ मध्ये 'उमामी' नाव दिलं, ती चव असली की मीठ कमी असल्याचं जिभेला चटकन कळत नाही, शिताके तेच काम करतो. वरून भाजून जाडसर कुटलेले तीळ आणि तांदळाच्या व्हिनेगरचे चार थेंब. आपल्याकडे लिंबू पिळतो ना, तसंच.

प्रोटीनसाठी अंडं आधी वेगळं, अर्धवट कच्चं असताना काढून ठेवायचं आणि शेवटी परत टाकायचं. तोफू घ्यायचा तर 'आत्सुआगे' घे, वरून तळलेला जाड तोफू, त्याच्यावर उकळतं पाणी ओतून वरचं तेल काढ आणि कोरडा करून काप. पांढरा मऊ तोफू या भाजीत पाणीच सोडतो.

मी जे सांगितलं तोच एक मार्ग आहे असं नाही. हॉटेलात भाजी आधी गरम तेलातून काढतात म्हणून ती इतकी चकचकीत आणि करकरीत असते. घरी त्याऐवजी उकळत्या पाण्यात चमचाभर तेल टाकून कोबी-गाजर वीस सेकंद आणि मोयाशी दहा सेकंद काढायची, खडखडीत निथळून पॅनमध्ये फक्त मिनिटभर परतायची, चार माणसं जेवायला असली की मी हेच करते, थोडं क जीवनसत्त्व पाण्यात जातं पण भाजी बिघडत नाही. उलट टोकाचीही एक पद्धत इथे प्रसिद्ध आहे, थंड पॅनमध्ये भाजीला तेल चोळून मंद आचेवर सुरुवात करायची. ऐकायला विचित्र वाटतं पण त्यात तथ्य आहे, भाजी ६० अंशांच्या आसपास थोडा वेळ राहिली की तिच्या पेशींच्या भिंतीतलं पेक्टिन घट्ट होतं आणि नंतर ती लवकर मऊ पडत नाही. मी करून बघितलीय, एका माणसाच्या भाजीला छान होते, फक्त दहा-बारा मिनिटं लागतात आणि तो भाजल्याचा खमंगपणा येत नाही. तुझी शेगडी अगदीच कमजोर असेल तर ही करून बघ.

आणि एखाद्या दिवशी सगळं करूनही पाणी सुटलंच तर टाकून देऊ नकोस, अजून शोयू तर मुळीच ओतू नकोस. एक लहान चमचा काताकुरिको, बटाट्याचा स्टार्च, दोन चमचे गार पाण्यात कालवून उकळत्या भाजीत सोड. ते पाणी घट्ट होऊन भाजीच्या अंगाला चिकटतं, आतलं मीठही तिथेच राहतं, भातावर घ्यायला मस्त लागतं.

डब्याचं राहिलं. यासाई इतामे डब्यात नेऊ नकोस, कितीही चांगली झाली तरी दुपारपर्यंत डब्यात पाणी साठतं आणि मोयाशी लवकर खराब होते. डब्यासाठी किंपिरा कर. ती पण परतलेलीच भाजी, पण गोबोची, ही लांब काटकीसारखी मातकट मुळी असते, आणि गाजराची. नाव एदो काळातल्या (१६०३ ते १८६८) बाहुल्यांच्या नाटकातल्या साकाता किंपिरा नावाच्या बलदंड वीरावरून पडलंय, कारण ती चावायला दणकट आणि वर तिखट. गोबो १०० ग्रॅम, साल काढायची नाही, सुरीच्या पाठीने नुसती खरवडायची, काडेपेटीच्या काडीएवढी चिरून पाच मिनिटं पाण्यात, मग निथळून अगदी कोरडी करायची. गाजर ५० ग्रॅम तसंच. दोन लहान चमचे तिळाच्या तेलात आधी गोबो दोन-तीन मिनिटं, मग गाजर, मग शोयू आणि मिरीन (स्वयंपाकाची गोड तांदळाची दारू) दोन-दोन लहान चमचे घालून पॅन कोरडं होईपर्यंत परतायची, शेवटी तीळ आणि लाल तिखट, आपलं घरचं घातलंस तरी चालतं. हे दोन डब्यांना पुरतं, म्हणजे डब्यामागे मीठ एक ग्रॅमच्या आतच, आणि फ्रिजमध्ये तीन दिवस राहते. रविवारी रात्री करून ठेव, मंगळवारपर्यंत तिची चव उलट वाढते.